आप्पा अजून उठले नाहीत

आमच्या घरात माझ्या यंत्रांना काडीचा मान नाही. पहिलं यंत्र मी केलं ते दूध उतू जाऊ नये म्हणून. ते दूध उतू गेल्यावर वाजायचं. नवरा ओटा पुसता पुसता म्हणाला, "एवढं तर मी बी सांगतो की. अन् मला चार्जर लागत न्हाई."

मी नांदेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवते. शिकवते म्हणजे, पंधरा वर्षं एकाच पिवळ्या पडलेल्या वहीतून तेच ते सांगत होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी काय अंगात आलं कोण जाणे, मी एक ऑनलाइन वर्ग लावला. जावास्क्रिप्ट लिहून छोटी छोटी यंत्रं कशी चालवायची, हे त्यात शिकवत. तोवर जावास्क्रिप्ट म्हणजे वेबसाइटवरची बटणं नाचवणारी भाषा, एवढंच मला ठाऊक. पण ती काडेपेटीएवढ्या बोर्डातही भरता येते, आणि तो बोर्ड घरच्या वायफायला जोडला की कुठूनही कुठेही निरोप धाडतो, हे कळल्यावर मी हरखले. ही भाषा मला आवडली, कारण तिचा स्वभाव चांगल्या शेजारणीसारखा आहे. 'काही हाललं तर सांग' एवढं तिच्या कानावर घालायचं आणि आपल्या कामाला लागायचं. ती गप्प बसून असते. हाललं की मात्र तत्काळ सांगते.

त्याच सुमारास औशाला आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. आप्पा जन्माचे पहाटे साडेचारला उठणारे. झटक्यानंतरही ते आईला हाक न मारता उठायचे आणि पडायचे. दोनदा पडले. आई पंचाहत्तरीची, ती त्यांना उचलणार कशी? धाकटा भाऊ लातूरला, शिकवणी वर्गांच्या गल्लीत त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान. मी नांदेडला. मी म्हटलं, आता माझी विद्या कामी येणार.

एक लांबट पट्टी मिळते. तिच्यावर वजन पडलं की आकडा चढतो, वजन गेलं की उतरतो. ती आप्पांच्या गादीत बसवायची आणि बोर्डाला जोडायची. आकडा चढला की माझ्या फोनवर मेसेज, 'आप्पा आडवे झाले.' उतरला की, 'आप्पा उठले.' आणि सकाळी सातला एकदा तपासायचं. आकडा तेव्हाही चढलेलाच असेल तर, 'आप्पा अजून उठले नाहीत. बघा.' सगळा प्रोग्राम चाळीस ओळींचा. तो लिहायला मला पाच आठवडे लागले, त्यातला एक आठवडा एका कंसाच्या शोधात गेला.

पट्टी गादीत शिवायची वेळ आली तेव्हा माझी सुई वाकली. आईने मागच्या गल्लीतल्या मामूंना बोलावलं. मामू पिंजारी. आमच्या घरातली प्रत्येक गादी त्यांनीच पिंजून भरलेली, सगळ्या एकाच निळ्या पट्ट्यांच्या कापडाच्या. आता लोक दुकानातून फोमची गादी आणतात, मामूंची पिंजण खुंटीला टांगलेली. त्यांची एकुलती खोली आमच्या घराला पाठीला पाठ लावून आहे, मधे फक्त एक भिंत. त्यांनी दाभण घेऊन दहा मिनिटांत पट्टी कापसात अशी बसवली की हाताला लागू नये. बोर्डासाठी कडेला छोटा खिसा शिवला, त्यातून वायर बाहेर काढली. निळा दिवा लागला तशी त्यांनी विचारलं, "बेटी, ये क्या करता?"

"मामू, आप्पा उठले की मला नांदेडला सांगतं."

"अल्ला. भिंत के पार मेरे को नहीं सुनाई देता, तुमको नांदेड में सुनाई देता?"

मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना दम भरला. आई, मामू, भांडी घासायला येणारी बाई, सगळ्यांना. ही वायर काढायची नाही. काहीही झालं तरी काढायची नाही. आणि वायफायचा डबाही बंद करायचा नाही.

आप्पा पलंगावरून म्हणाले, "मी मेलो तर काढा म्हणावं."

ते गेले गणपती झाल्यावर, भर दुपारी, आडवे असतानाच. ते गेल्याचा मेसेज मला आला नाही. येणार कसा, आकडा उतरलाच नव्हता.

तेराव्याला आमच्याकडे गुरुजींना गादी-पांघरूण दान देतात. दादाने, म्हणजे भावाने, धाकटा असला तरी घरात सगळे त्याला दादाच म्हणतात, विचारलं, "आई, गादी दिली का?" ती म्हणाली, "दिली." मी समजले पेटीतली कोरी गादी दिली असेल, कारण आप्पांच्या पलंगावर निळ्या पट्ट्यांची गादी तशीच होती. वर धुतलेली चादर. मी वायर वगैरे बघायला गेले नाही. बघवलं नाही, हे खरं. नांदेडला परतले आणि प्रोग्रामही तसाच ठेवला. फोनमधला आप्पांचा नंबर जसा आपण ठेवतो, तसाच.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. एके दुपारी मी वर्गात फळ्यावर लिहीत होते. टेबलावरचा फोन थरथरला. एक वाजून दहा मिनिटं.

'आप्पा आडवे झाले.'

खडू माझ्या हातात तसाच राहिला. मुलींपैकी कुणीतरी म्हणालं, "मॅडम, पुढं?" पुढं काय लिहायचं होतं ते मला आजही आठवत नाही.

तीन वाजता, 'आप्पा उठले.' दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार वाजून गेल्यावर, पुन्हा, 'आप्पा उठले.' दुपारी जेवणानंतर आडवे, तीनला उठले, रात्री आडवे, पहाटे उठले. रोज. मी जुने मेसेज काढून शेजारी ठेवले. तीच चाल, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने.

मी काय केलं असेन? जिने विद्यार्थ्यांना अंधश्रद्धेवर दरवर्षी भाषण द्यायचं, तिने फोन उताणा ठेवणं बंद केलं. पालथा ठेवायला लागले.

मग स्वतःला समजावलं की आई त्यांच्या पलंगावर जाऊन पडत असेल. साहजिक आहे, पन्नास वर्षांचा संसार. तिला फोन केला.

"आई, तू आप्पांच्या पलंगावर झोपतेस का गं?"

ती एकदम तुटक, "मी कशाला त्यांच्या जागेवर झोपू? मी खालीच झोपते. कोण म्हणून राहिलं असं?"

तो आवाज मला नीट वाटला नाही. आई काहीतरी लपवत होती, हे तिच्या लेकीला कळायला यंत्र लागत नाही. आणि इथे मी जन्मातली मोठी चूक केली. दादाला फोन केला.

दादा मुळात आईला लातूरला न्यायच्या विचारात होता. त्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली गल्लीभर शिकवणीच्या पोरांच्या सायकली. आईला औसा सोडायचं नव्हतं. किल्ल्याच्या बाजूची तिची गल्ली, तिचं अंगण, तिच्या चार बाया. ते ठरत नव्हतं, ते माझ्या फोनने ठरलं.

"ताई, म्हणजे ती झोपती अन् तिला आठवत बी न्हाई," दादा म्हणाला. "असंच सुरू होतं हे. उद्या गॅस चालू ठेवून विसरंल. बास. आता तिला एकटं ठेवायचं न्हाई."

"एकदम कशाला..."

"तुझंच मशीन सांगून राहिलं ना? का तुझं मशीन बी दुधासारखं हाय?"

पुढच्या महिन्यात आईला न्यायचं ठरलं. मी म्हटलं, आधी मी जाऊन येते.

नांदेडहून लातूर आणि तिथून औशाची बस. पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. आईने पिठलं-भाकरी केली. जेवून आम्ही दोघी आप्पांच्या खोलीत बसलो. आई भिंतीला टेकून वाती वळत होती, मी समोर. मधे पलंग. चादरीला एक सुरकुती नाही. खिडकीतून पडलेलं ऊन पलंगाच्या पायथ्याशी येऊन थांबलं होतं, आणि घरात इतकं शांत की वातीला पीळ देताना आईच्या बोटांचा आवाज यावा.

एक वाजून आठ मिनिटांनी माझ्या मांडीवरचा फोन थरथरला.

मी वाचलं नाही. गरज नव्हती. मी पलंगाकडे बघितलं. तो रिकामा होता. ऊन तसंच पायथ्याशी. आई वाती वळत होती. आणि माझ्या मांडीवर लिहिलेलं होतं की आप्पा आत्ता, या क्षणी, आडवे झाले.

मी उठले. चादरीच्या कोपऱ्याला हात घातला.

"चादर उचकटू नको," आई म्हणाली. इतक्या जोरात की मी हात मागे घेतला. "घडी मोडती. बस तिथं."

मी बसले. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. चादर उचलून आत काय बघणार होते मी?

परतीच्या बसमध्ये एक गोष्ट मात्र लख्ख झाली होती. आई पलंगावर झोपत नव्हती. तिचं डोकं शाबूत होतं. माझ्यासमोर ती वाती वळत होती आणि मेसेज आला होता. म्हणजे तिला लातूरला न्यायचं कारणच उरलं नव्हतं. एवढं दादाला सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे पुढचं वाक्यही सांगावं लागणार. आई नाही रे झोपत, मग कोण झोपतं? नवऱ्याला सांगून बघितलं. तो नेहमी चेष्टा करणारा माणूस, त्याने जेवणाचं ताट सरकवलं आणि म्हणाला, "बंद करून टाक ते."

बंद करणं दोन मिनिटांचं काम होतं. नांदेडमधूनच करता आलं असतं. पण आप्पा पहाटे उठल्याचं कुणी मला सांगत असताना, ते मीच बंद करायचं? मी बंदही केलं नाही आणि दादाला फोनही केला नाही. भित्री माणसं असंच करतात, दोन्ही दारं उघडी ठेवतात आणि वाऱ्यात बसतात.

लातूरला जायच्या आधी आई आठ दिवस माझ्याकडे आली. रविवारी दादा तिला इथूनच नेणार होता. औशाच्या घराला कुलूप, किल्ली आईच्या कमरेच्या पिशवीत. एकदा तिला गुरुद्वाऱ्याला नेलं, एकदा गोदावरीच्या घाटावर. ती बघत होती, पण बघून झाल्यावर विचारायची ते एकच. "रविवारीच येणार का गं तो?"

कुलूप लावलेल्या घरात आप्पा रोज दुपारी आडवे होत होते आणि तीनला उठत होते.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी चहा पीत होतो. सात वाजले. फोन पालथा होता तरी थरथरला, आणि सवयीपेक्षा जास्त वेळ थरथरला, कारण तो वेगळा मेसेज मी मुद्दाम मोठा ठेवला होता. आप्पांच्या सगळ्या आजारपणात तो एकदाही आला नव्हता.

मी फोन उलटा केला. आईने माझं तोंड बघितलं आणि फोन माझ्या हातातून घेतला. ती अक्षरावर बोट ठेवून वाचते. "आप्पा... अजून... उठले... नाहीत." थांबली. "बघा."

बशीतला चहा तिने खाली ठेवला. "हे काय आहे?"

मग मी सगळं सांगितलं. वर्गातला पहिला मेसेज, एक वाजून आठ मिनिटं, कुलपातले दिवस. मला वाटलं ती रडेल नाहीतर पदर तोंडाला लावेल. ती माझ्याकडे एकटक बघत होती.

"हे त्या गादीतलं? मामूनं शिवलं ते?"

"हो."

"अगं बाई," आई उभी राहिली. "ती गादी मामूकडं हाय. मी दिली. फोन लाव, शेजारच्या काकूला फोन लाव आधी!"

काकूंना फोन लागेपर्यंत तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. तेराव्याला आईने गुरुजींना शिधा दिला आणि गादी मागल्या दाराने मामूंना. जन्मभर लोकांच्या पाठीखाली कापूस घातलेला माणूस स्वतः चटईवर झोपत होता. दादा आणि भावकी रीत मोडली म्हणून ओरडतील, म्हणून पेटीतली तशीच गादी पलंगावर घालून वर चादर. माझ्या फोनला तुटक उत्तर दिलं ते त्यामुळे. मामूंनी गादी थंडी पडल्यावर अंथरली. आणि अंथरली तशी त्यांनी वायर आपल्या खोलीतल्या विजेच्या बोर्डात लावली, कारण काहीही झालं तरी वायर काढायची नाही, असा नांदेडच्या बेटीचा दम होता. भिंतीपलीकडे आमचं वायफाय पोचत होतंच. दुपारची झोप, पहाटे नमाजाला उठणं. दोन म्हाताऱ्यांचं घड्याळ एकच निघालं.

काकूंनी आणि गल्लीतल्या दोघांनी मामूंचं दार ढकललं. मामू आतच उंबऱ्याशी पडलेले होते. अंगात ताप, शुद्ध अर्धीमुर्धी. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ भरलाय, अजून तासाभराने आणलं असतं तर सांगता आलं नसतं.

गादीचं फोनवर कळलं होतंच, रविवारी दादा आला तो थेट आईवर घसरला. "तू गुरुजीला दिली म्हणालीस!"

"दिली म्हणाले. कुणाला, ते तू इचारलं न्हाईस," आई म्हणाली. "गुरुजीकडं चार गाद्या हायत. ह्याच्याकडं एक बी नव्हती."

मग मी माझं पाप सांगितलं, की आई पलंगावर झोपत नाही हे महिनाभर मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

"का?"

"भीती वाटली."

"ताई," दादा हात जोडून म्हणाला, "तू कॉलेजात शिकवतीस न्हवं का?"

आईने पिशवी भरूनच ठेवली होती. "मला औशाला सोड. मामू दवाखान्यातून आला की त्याला भाकरी कोण देणार? अन् उद्या पुन्हा तसा मेसेज आला तर लातूरच्या तिसऱ्या मजल्यावरून मी काय धावू?"

दादाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एकच अट घातली. आईचा रोज पहाटे मला नांदेडला फोन आला पाहिजे आणि मी ते त्याला कळवायचं. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी तो औशाला पोचणार. तो तिला त्याच दुपारी सोडून आला.

पंधरा दिवसांनी मी गेले. मामू गादीवर बसले होते, कडेला निळा दिवा. मी म्हटलं, "मामू, आता काढते हे."

"नक्को. तुमारे अब्बा की बत्ती हय, मैं कैसा बुझाना?" मग हसले. "अन् अब तो मेरे भी काम की हय."

मी म्हटलं, निदान प्रोग्राममधलं नाव तरी बदलते. त्यालाही ते नको म्हणाले.

बोलता बोलता मी विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? मामू म्हणाले, नेहमीसारखे साडेचारला उठले. थंडी वाजत होती म्हणून गोधडी अंगाला गुंडाळली आणि वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, निघाले. उंबऱ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. मग काकूंचा आवाज.

मी मान डोलावली आणि मग माझी मान डोलवायची थांबली.

साडेचारला ते गादीवरून उठले होते. म्हणजे आकडा उतरायला हवा होता. 'आप्पा उठले' असा मेसेज यायला हवा होता आणि सातला यंत्राने गप्प बसायला हवं होतं. आम्ही निवांत चहा प्यायलो असतो. पण त्या पहाटे तो मेसेज आलाच नाही. अडीच तास गादीवर वजन होतं. गोधडीचं म्हणावं तर गोधडी त्यांच्या अंगावर होती, काकूंनी ती अंगाभोवतीच बघितली. पट्टी अडकली म्हणावं तर मी तिथेच बसून पंचवीस वेळा हाताने दाबून बघितली. दाबली की चढते, सोडली की उतरते. एकदाही अडकली नाही. त्याआधी अडकली नव्हती, त्यानंतर अजून अडकलेली नाही. चाळीस ओळी मी कागदावर काढून पेन्सिलीने तपासल्या. कंस जागच्या जागी आहेत.

आईला हे मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

आता रोज पहाटे औशाहून फोन येतो. आईचा आवाज त्या वेळी खडखडीत जागा असतो.

"उठले का गं?"

मी फोनवर बघून सांगते, "उठले."

भिंतीपलीकडचा माणूस उठला की नाही, हे ती नांदेडला विचारते. नवरा कूस बदलत म्हणतो, तुमच्या मायलेकींना भिंतीवर टकटक करणं जमत न्हाई का. दादाला मी रोज कळवते, फोन आला. तोही आता लातूरचं नाव काढत नाही.

फक्त कधीमधी, 'उठले' ऐकल्यावरही आई फोन ठेवत नाही. थोडा वेळ तिचा श्वास ऐकू येतो.

"त्या दिवसाचं काही कळलं का गं?"

"नाही आई."

"बरं," ती म्हणते, आणि फोन ठेवते.